पोटरी सुजली, तेलाची वाटी आली... : सभासदाच्या लेकीचा अमेरिकेतील अभ्यास



गेल्या गळीत हंगामात आमच्या एका जुन्या सभासदांच्या गुडघ्याचा सांधा बदलला. दवाखान्यातून घरी आले आणि आठवड्याभरात त्याच पायाची पोटरी सुजली. हाताला गरम लागायची, दाबली की ठणकायची. आपल्याकडे यावर इलाज ठरलेला! मंडळी कोमट तेलाची वाटी घेऊन पायाशी बसल्या. नेमका तेव्हाच अमेरिकेतून लेकीचा व्हिडिओ कॉल आला.

"आई, चोळू नकोस! हातसुद्धा लावू नको. अण्णांना चालवू नका, आधी डॉक्टरला फोन करा."

तपासणीत पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ निघाली. अशी गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. अण्णांना औषध वेळेवर सुरू झाले.

ही मुलगी काही डॉक्टर नव्हे. लग्न होऊन ती न्यू जर्सी राज्यात गेली आणि तिथे फिजिकल थेरपिस्टचा सहायक होण्याच्या लायसन परीक्षेचा अभ्यास करीत होती. दिवाळीला माहेरी आली तेव्हा आम्ही मुद्दाम तिची गाठ घेतली.

हा पेशा तिकडे तसा नवाच. १९६९ साली या सहायकांची पहिली तुकडी शिकून बाहेर पडली. मान्यताप्राप्त कॉलेजात साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातच दवाखान्यातले प्रत्यक्ष काम, आणि मग परीक्षा. ती घेतो राज्याराज्यांच्या मंडळांचा महासंघ. आपल्या साखर संघासारखी रचना म्हणा ना. लायसन मात्र ज्या त्या राज्याचे.

परीक्षा संगणकावर, चार तासांची. १८० प्रश्न, ४५ चा एक असे चार भाग. एक भाग संपवून पुढे गेले की मागे फिरता येत नाही. त्यात ४० प्रश्न नुसते चाचणीसाठी असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. पण ते कुठले हे परीक्षार्थीला कळत नाही. गुण २०० ते ८०० या मापात, पास व्हायला ६००. वर्षातून चारदा परीक्षा होते, पण बारा महिन्यांत तीनदाच बसता येते आणि साऱ्या जन्मात सहा वेळा.

पहिल्या खेपेस पोरगी बारा गुणांनी हुकली. "पाठ सगळं होतं," ती म्हणाली. "स्नायू कुठून निघतो, कुठं चिकटतो, सांधा किती अंश वाकतो, सगळं. पण चुकत होतं ते वेगळंच. काहीतरी करायचंच, अशी माझी सवय."

इथेच या अभ्यासाची खरी गोम आहे. रुग्णाची पहिली तपासणी करून उपचार ठरवायचे ते थेरपिस्टने. सहायकाने त्या आखणीबरहुकूम व्यायाम करून घ्यायचे, मोजमाप घ्यायचे, नोंद ठेवायची. आखणी बदलायचा अधिकार त्याला नाही. आपला स्लिपबॉय लागणीची नोंद घेतो, पण तोडणी कार्यक्रम बदलू शकत नाही. निदान बदलू नये! म्हणून प्रश्नपत्रिकेत तीन उत्तरे काहीतरी करण्याची असतात आणि बरोबर उत्तर कित्येकदा 'थांबा आणि कळवा' हे असते. पोटरीचा प्रश्न तिने सरावाच्या पुस्तकात सोडवला होता. (खऱ्या परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत, अशी अट असते. आम्हीही खोदून विचारले नाही.)

दुसऱ्या खेपेचा अभ्यास तिने पहाटे केला, पोर उठायच्या आत. प्रत्येक प्रश्नाला आधी वहीत एकच लिहायची : हे माझं काम आहे का? रुग्ण उभा राहताच त्याला घेरी आली तर? बसवा, रक्तदाब बघा, थेरपिस्टला सांगा. व्यायामाचा आकडा पुरा करायचा हट्ट नाही. यंदा ती पास झाली.

ज्या सभासदांची मुले इकडे फिजिओथेरपी शिकतात त्यांच्यासाठी एक खुलासा. आपल्या प्रवरेच्या लोणीलाही हे महाविद्यालय आहे. पण इथल्या पदवीवर तिकडे आपोआप लायसन मिळत नाही. राज्यागणिक नियम वेगळे. कुणा मध्यस्थाला पैसे देण्याआधी त्या राज्याच्या मंडळाचे नियम स्वतः वाचावेत.

आता काठीचे सांगतो, कारण वार्षिक सभेला आम्ही निम्म्या मंडळींना चुकीची धरलेली पाहिली. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला नव्हे, चांगल्या पायाच्या हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. लेकीने अण्णांकडून हे अंगणात आठ दिवस घोटून घेतले. थेरपिस्टला फोनवर विचारून, बरं का!

अण्णा परवा गटकार्यालयात आले, तीन पायऱ्या बरोबर चढले आणि बाकावर टेकत म्हणाले, "लायसन तिला मिळालं, आणि परीक्षा माझी चाललीय."