दहा फरश्यांचं अंतर

पांढरी गाडी फाटकाशी थांबली की पहिलीतली दोन-तीन पोरं हमखास रडायला लागतात. गाडी म्हणजे सुई, एवढंच त्यांना ठाऊक. "आज सुई नाही रे, नुसतं बघायचंय," असं सिस्टर कितीही सांगोत, वजनकाट्यावरून उतरेपर्यंत त्यांचा कुणावर विश्वास नसतो.

आमची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. 2013 साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. शेजारच्या अंगणवाडीत दोनदा. डॉक्टर सर, डॉक्टर मॅडम, सिस्टर आणि औषधनिर्माता. बाकं भिंतीला लागतात, पटाची यादी हातात घेऊन मी रांग लावतो.

एकेका मुलावर काही मिनिटंच जातात, पण त्यात बरंच काही होतं. खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. मग जीभ, नखं, टॉर्च लावून दात, कान. पाठीवर फिकट चट्टा असला तर मूल डोळे मिटून उभं राहतं आणि बॉलपेनचं टोक जिथे टेकेल तिथे बोट ठेवतं. चट्ट्यावरचा स्पर्श कळलाच नाही, तर कुष्ठरोगाची शंका. त्या दिवशी दुसरीतल्या एकाने प्रत्येक वेळी बरोबर बोट ठेवलं, वर "गुदगुल्या होतात" अशी तक्रारही केली.

तिसरीतल्या एका मुलीची पापणी मात्र पांढुरकी निघाली.

"दमतेस का गं?"

"नाही."

मॅडमनी प्रश्न बदलला. "लंगडी खेळतेस ना?"

"मी गुण मोजते."

मोजायचं काम मीच तिला दिलं होतं. शांत मुलगी, हिशेबाला चोख, म्हणून. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायची चिठ्ठी मॅडमनी लिहिली. जे पहिल्यापासून अंगाला लागलेलं असतं, त्याला मूल आजार म्हणत नाही. दमणं हाच आपला स्वभाव आहे, असं त्याला वाटतं.

डोळे तपासायचे वीस फुटांवरून. तेवढ्या लांबून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात, डोळ्याला जोर लावावा लागत नाही. आमचा वर्ग तेवढा लांब नाही, म्हणून व्हरांडा. शहाबादी फरशी दोन फुटांची. दहा फरश्या मोजून खडूची रेघ मारली. तक्त्यावर इंग्रजी ई चारी दिशांना वळलेला. त्याची तोंडं कुठे वळलीत ते बोटांनी दाखवायचं. अक्षरओळख लागत नाही. झाकलेल्या डोळ्यावर तळवा हवा, कारण बोटांच्या फटीतून पोरं बघतात. डोळे बारीक करायचे नाहीत. तसं केलं की अंधुक दिसणारंही थोडं स्पष्ट होतं. आणि रांगेतल्यांनी पुटपुटायचं नाही. हा शेवटचा नियम कुणीच पाळत नाही.

चौथीतल्या उंच पोराने पहिल्या तीन ओळी धडाधड सांगितल्या. सरांनी तीच ओळ उलटीकडून विचारली. पोरगं गप्प. रांगेत उभं राहून त्याने सगळं पाठ केलं होतं. एकेक फरशी पुढे येत तो थेट चौथ्या फरशीवर थांबला, तेव्हा कुठे हात आत्मविश्वासाने वळला.

उंच म्हणून दोन वर्षं मी त्याला शेवटच्या बाकावर बसवत होतो. पुस्तक तो घडाघडा वाचायचा, फळ्यावरचं मात्र शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचा. त्यावरून त्याने माझी बोलणीही खाल्ली होती. "फळा दिसत नाही, हे सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. तो गोंधळला. "सगळ्यांना तसाच दिसतो ना, सर?"

ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी त्याच्या दप्तरात आठवडाभर पडून राहिली. वडिलांचा रोज बुडला असता. शेवटी एका सकाळी त्यांना विचारून मीच त्याला मोटारसायकलवर घेऊन गेलो. पुढे चष्मा आला. पहिल्या दिवशी तो फळ्याकडे कमी आणि खिडकीबाहेरच्या चिंचेकडे जास्त बघत होता. मी रागावलो नाही.

पथक वर्षातून एकदा येतं; पोरं माझ्यासमोर रोज असतात. म्हणून आता जूनमध्ये शाळा भरली की पुठ्ठ्यावर स्केचपेनने काढलेला माझा ई मी व्हरांड्यात लावतो. बाकं ठरवताना आधी दहा फरश्या, मग उंची. आणि लंगडीचे गुण रोज वेगळ्याने मोजायचे.