गाण्याला वाटेकरी हवा

घरी आंब्याची पाटी आली, तर शेजारी चार आंबे जातातच. दिलेले आंबे मात्र आपल्या पाटीतून कमी होतात. गाण्याचे तसे नाही. गाणे शेजाऱ्याला दिले, तरी ते आपल्यापाशी राहतेच. उलट दोघांनी मिळून म्हटले, की त्याची गोडी वाढते.

हे कसे घडते, ते आपण आपल्याच भागात पाहू. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर आहेत. एकापाठोपाठ एक लागतात. तिन्ही ठिकाणी गाणी आहेत. पण प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी.

गाडीतले भजन

बदलापूर मुंबईपासून रेल्वेने सुमारे 68 किलोमीटर दूर आहे. इथून मुंबईला कामाला जाणाऱ्याचा जायला दीड तास, यायला दीड तास मोडतो. रोजचे झाले 3 तास. कामाचे 25 दिवस धरा. महिन्याचे 75 तास झाले! म्हणजे महिन्यातले तीन दिवस आणि तीन रात्री माणूस गाडीतच असतो म्हणा ना.

हा वेळ कसा घालवायचा? कुणी डुलकी काढतो. कुणी पत्ते कुटतो. कुणी जागेवरून हुज्जत घालतो. पण काही डब्यांतून टाळांचा आवाज येतो. ती असतात गाडीतली भजनी मंडळे. त्यांची गाडी ठरलेली, डबाही ठरलेला. कारखान्यातला फिटर, कचेरीतला शिपाई, बँकेतला कारकून असे सगळे त्यात असतात. तुझा पगार किती, हे तिथे कुणी विचारत नाही. आवाज दे, टाळ धर, एवढेच सांगतात.

बायकांच्या डब्यांतही नवरात्रात गाणी रंगतात. दसऱ्याच्या सुमारास प्रवासी डबा तोरणांनी सजवतात आणि त्याची पूजा करतात. ज्या डब्यात रोज धक्के खायचे, तो डबा मग आपला वाटू लागतो.

भजन सोपे का असते?

आपल्याला वाटते, गाणे म्हणजे गळा हवा, शिक्षण हवे. भजनाची रीत नीट पाहिली, तर ही भीती जाईल. मंडळात एक बुवा असतो. तो चाल धरतो आणि ओळ म्हणतो. बाकीचे तीच ओळ त्याच्या मागे म्हणतात. अभंगाची एक ओळ पुन्हा पुन्हा येते. तिला ध्रुपद म्हणतात. प्रत्येक कडवे संपले, की सगळे ध्रुपदावर परत येतात. म्हणून नव्या माणसाला सारा अभंग पाठ नसला तरी चालतं. ध्रुपद आले की तो सर्वांबरोबर असतो. आज ध्रुपद, उद्या एक कडवे, असे करता करता महिनाभरात अभंग तोंडी बसतो.

आवाज जाडाभरडा असला तरी बिघडत नाही. दहा आवाजांत तो मिसळून जातो. ज्याला गाता येत नाही, तो टाळ वाजवतो. ज्याला टाळही जमत नाही, त्याने नुसता हाताने ठेका धरावा.

असे गाऊन मन हलके होते, हा सर्वांचाच अनुभव आहे. त्याला कारणही आहे. ओळ म्हणताना श्वास लांब आणि सावकाश सुटतो. त्याने जीव शांत होतो. स्वीडन देशातल्या शास्त्रज्ञांनी 2013 साली एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. सर्वांचा श्वास गाण्याबरोबर एका लयीत आला. मग त्यांच्या हृदयाचे ठोकेही बरोबरीने मंद आणि जलद होऊ लागले. आपले टाळकरी हे मोजमापाशिवायच ओळखून होते!

घर गेले, गाणे राहिले

आता उल्हासनगरकडे वळू. 1947 साली देशाची फाळणी झाली. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. हजारो सिंधी कुटुंबे घरदार सोडून इकडे आली. कल्याणजवळ लढाईच्या काळातल्या लष्करी छावण्या होत्या. त्या बराकींत त्यांना जागा मिळाली. 1949 साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले.

या लोकांना शेतीवाडी, वाडे, दुकाने बरोबर आणता आली नाहीत. गाणी मात्र आणता आली. गाण्याला ना गाठोडे लागते, ना हमाल. सिंधी लग्नघरी बायका जमून गाणी म्हणतात. त्यांना ‘लाडा’ म्हणतात. सिंधमध्ये संत कंवरराम नावाचे मोठे गायक होऊन गेले. पायांत घुंगरू बांधून ते गात आणि नाचत. या प्रकाराला ‘भगत’ म्हणतात. लोक जे देत, ते कंवरराम गोरगरिबांना वाटून टाकत. 1939 साली त्यांची हत्या झाली. पण सिंधी घरांत त्यांचे नाव आजही आदराने घेतात. परक्या मुलखात नव्याने चूल मांडणाऱ्या माणसाला अशा गाण्यांनीच धीर दिला.

धवळे आणि ओव्या

बदलापूरच्या आसपास आणि ठाणे-रायगड भागात आगरी समाज आहे. त्यांच्या लग्नात धवळे गातात. धवळे गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. ही गाणी पुस्तकातली नव्हेत. म्हाताऱ्या बाईने म्हणायची, तरुण बाईने ऐकून शिकायची, अशी ती चालत आली. शिकणारी कुणी नसली, तर धवलारणीबरोबर तिची गाणीही जातील.

जात्यावरच्या ओव्यांचे तेच झाले. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले. हे चांगलेच झाले. पण जाते थांबले, तशा ओव्याही थांबल्या. तेव्हा हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून ओव्या गोळा केल्या. 1 लाखाहून अधिक ओव्या जमल्या! त्या सांगणाऱ्या बहुतेक बाया शाळेत गेलेल्या नव्हत्या.

आपण काय करावे?

आता आपल्याला लिहिता येते. मग एक वही करू या. आजीला, आत्याला, शेजारच्या काकूला गाणे सांगायला लावू. ते ऐकून वहीत उतरवू. खाली गावाचे नाव आणि तारीख घालू. चाल मात्र कागदावर राहत नाही. ती त्यांच्याजवळ बसून गळ्यातच घ्यावी लागते. आठवड्यातून एक संध्याकाळ चार घरांनी एकत्र बसावे. एकाने आपले गाणे द्यावे, दुसऱ्याचे घ्यावे. शेजारी सिंधी असो, आगरी असो, घाटावरचा असो, त्याचे गाणे ऐकावे. अर्थ कळला नाही तर विचारावा. अशी विचारपूस करता करताच ओळख वाढते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवू. गाणे वाटावे, लादू नये. गाडीत कुणी रातपाळी करून आलेला असतो. कुणाचे डोके दुखत असते. त्याने विनंती केली, तर आवाज कमी करावा. मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून सारा डबा वेठीला धरू नये. आणि गाण्याच्या नादात दारात लोंबकळू तर मुळीच नये.

रोजचे कष्ट गाण्याने सरत नाहीत. गाडीची गर्दीही कमी होत नाही. पण तेच 75 तास कुरकुरत काढायचे, की सोबतीने गात काढायचे, हे आपल्या हातात आहे.

वाचा आणि सांगा

1. ध्रुपद म्हणजे काय? नव्या माणसाला त्याचा उपयोग कसा होतो?
2. जात्यावरच्या ओव्या का थांबल्या?
3. तुमच्या घरातले सर्वांत जुने गाणे कोणाला येते? ते लिहून आणा आणि वर्गात म्हणून दाखवा.