हेलिकॉप्टर आले, पण नोंदीचे काय?

१७ जून २०२१ रोजी रेवदंड्याजवळ ‘मंगलम’ हे मालवाहू जहाज बुडू लागले. तटरक्षक दलाचे जहाज आणि चेतक हेलिकॉप्टर यांनी सोळाही खलाशांना वाचवले. २६ जुलै २०२४ रोजी अलिबागच्या समुद्रात अडकलेल्या बार्जवरून १४ जणांना हेलिकॉप्टरने उचलून आणले. या दोन घटनांच्या मध्ये, १९ जुलै २०२३ च्या रात्री, इरशाळवाडीवर दरड कोसळली. त्या वेळी हेलिकॉप्टर सज्ज होती, पण खराब हवेमुळे उडू शकली नाहीत. जवान डोंगर पायी चढून गेले.

तिन्ही घटना आपल्या रायगड जिल्ह्यातल्या. बातम्यांतून किती वाचले ते कळते. पण निरोप केव्हा मिळाला, हेलिकॉप्टर केव्हा निघाले, सोबत डॉक्टर होता का, आधी कोणाला उचलले, कुठल्या रुग्णालयात नेले, हे सारे एकत्र वाचायला मिळत नाही. मग तुलना कशी करायची?

‘मदत चाळीस मिनिटांत पोहोचली’ असे समजा कोणी लिहिले. ही मिनिटे फोन आल्यापासूनची की उड्डाणापासूनची? शब्दाचा अर्थ ठरलेला नसेल तर आकडा निरुपयोगी.

हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या बाबतीत हाच घोळ होता. तो निस्तरण्यासाठी १९९० साली तज्ज्ञ नॉर्वेतल्या उटस्टाइन मठात जमले आणि नोंदीची समान पद्धत ठरली. मोठ्या दुर्घटनांतील वैद्यकीय मदतीसाठी २०१४ साली असाच नमुना प्रसिद्ध झाला. पुढे हवाई रुग्णवाहिकांच्या नोंदींचाही तसाच विचार झाला. तज्ज्ञांची मते फेरीफेरीने मागवायची आणि बहुतेकांना पटलेले मोजके प्रश्नच ठेवायचे, अशी ही रीत आहे.

आपल्याकडे धावून येणारे हेलिकॉप्टर बहुधा तटरक्षक दलाचे किंवा नौदलाचे असते. खाली १०८ ची रुग्णवाहिका, जिल्हा प्रशासन आणि रुग्णालय असते. प्रत्येकाची वही वेगळी, घड्याळ वेगळे. म्हणून मला वाटते, सर्वांसाठी एकच पानभर तक्ता असावा आणि तो घटनेनंतर लगेच भरावा. त्यात ‘उड्डाण झाले नाही’ असाही एक रकाना हवा, कारणासकट. इरशाळवाडीसारख्या रात्री हवा पुन्हा बिघडेल. तेव्हा हेलिकॉप्टरची वाट किती वेळ पाहायची आणि पायी केव्हा निघायचे, हे ठरवायला तो रकाना उपयोगी पडेल.