वरातीत घडणारा बँड

नांदेड आणि लातूरकडे तरुण पोरांचा नवा बँड उभा राहतो तो बहुतेक वेळा बँजो पार्टी म्हणून. विजेवर वाजणारे एक तंतुवाद्य, त्याला कॅसिओची साथ, मागे ऑक्टोपॅड, ढोल, ताशा, हलगी आणि हा सगळा आवाज गावभर पोहोचवणारे, पिकअप गाडीवर बांधलेले भोंगे व जनरेटर. मांडणी रॉक बँडचीच आहे. फक्त गिटारच्या जागी बँजो आहे आणि स्टेजच्या जागी चालती गाडी. तिकीट काढून बँड ऐकायला जाण्याची सवय या भागात फारशी नाही. नाव कमवायचे ते वरातीत, मिरवणुकीत आणि जयंतीत.

मुंबईतल्या रॉकची वाट वेगळी होती. १९८४ मध्ये 'रॉक मशीन' हा बँड सुरू झाला, १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला आणि धोबीतलावच्या रंगभवनाचे खुले नाट्यगृह पुढे कित्येक वर्षे त्याचे घर बनले. ही गाणी मुख्यतः इंग्रजी होती आणि ऐकणारा वर्ग महाविद्यालयीन, शहरी होता. कोलकात्यात 'मोहीनेर घोडागुली' या बँडने १९७५ मध्येच बंगालीत गायला सुरुवात केली. केरळच्या 'अवियल'ने पुढे मल्याळममध्ये तेच केले. मराठीत स्वभाषेतले रॉक तेवढे रुजले नाही. पण विजेच्या वाद्यांचा दणका आणि पाय थांबू न देणारा ठेका यांची ओढ मराठी तरुणांनाही होतीच. गावोगावी ती भागवली बँजो पार्टीने, आणि म्हणून संगीताच्या चर्चेत तिला वाजंत्री म्हणून कोपऱ्यात बसवणे अन्यायाचे आहे.

या पार्टीचा बँजो म्हणजे अमेरिकेतला गोल, कातडे ताणलेला बँजो नव्हे. हा बुलबुल तरंग, आणि त्याचे मूळ जपानमध्ये आहे. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ च्या सुमारास 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य तयार केले. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि टाइपरायटरसारखी बटणांची रांग. डाव्या हाताने बटण दाबले की खालची पट्टी तारेवर टेकते आणि तारेची वाजणारी लांबी ठरते. उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. सूर शोधावा लागत नाही, तो बटणाखाली ठरलेलाच असतो. त्यामुळे घरच्या घरी शिकता येणारे वाद्य म्हणून ते आशियाभर पसरले. बलुचिस्तानात तर त्याचे मोठे रूप 'बेंजू' या नावाने तिथल्या लोकसंगीताचे प्रमुख वाद्य होऊन बसले.

सोपेपणाची किंमतही आहे. बटणे ठरलेली असल्याने एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यावर नीट निघत नाही. चांगला वादक ही उणीव उजव्या हाताने भरून काढतो. नखी तारेवर इतक्या वेगाने पुढे-मागे फिरते की तुटक सूर सलग थरथरत राहतो. त्या थरथरीवरच वादकाची ओळख ठरते. तारांखाली चुंबकाचा पिकअप बसवला, आवाज अँप्लिफायरमधून काढला आणि त्याला एकोची जोड दिली की हे घरगुती वाद्य चौकाचा ताबा घेते. इलेक्ट्रिक गिटारमागे हेच तंत्र आहे: पोलादी तारेचे कंपन चुंबकाजवळच्या तारेच्या वेटोळ्यात विजेचा संकेत निर्माण करते आणि तो संकेत वाढवून भोंग्यात सोडला जातो.

बँजो चाल धरतो, पण माणसे नाचतात ती हलगीवर. लोखंडी किंवा लाकडी कड्यावर ताणलेले कातडे, दोन काठ्या, एवढाच तिचा पसारा. एका हातातली बारीक काठी कडेला सतत बोलत राहते, दुसऱ्या हातातली जाड काठी मध्यावर घाव घालते. कातडे हवेतला ओलावा धरते आणि आवाज बसतो. म्हणून वादक चौकाच्या कडेला कागद किंवा काडीकचरा पेटवतात, हलगी त्या धगीवर फिरवतात, बोटाने ठोकून पाहतात आणि हवी तशी कडक झाली की पुन्हा मिरवणुकीत शिरतात. प्लास्टिकच्या पडद्याच्या हलगीला हे शेकणे लागत नाही, पण तिचा आवाज पातळ असतो.

मराठवाड्यात वाजवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः मातंग समाजाकडे होते. गावकीत ते सेवेचे काम मानले गेले. वाजवणाऱ्याशिवाय लग्न लागत नसे आणि त्याच मांडवात त्याची पंगत वेगळी बसे. आज त्याच घरांतली मुले स्वतःच्या पार्टीला नाव देतात, एकसारखे शर्ट शिवून घेतात, गाडीवर स्वतःचे फलक लावतात आणि वाजवण्याआधी दर ठरवतात. या बदलाचे मोल पैशांपेक्षा मोठे आहे. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत हलगी वाजते तेव्हा ती कोणाच्या दारची सेवा नसते.

नव्या पार्टीचे पहिले वर्ष कसोटीचे असते. वाद्ये बहुधा वापरलेली, हप्त्यावर किंवा वर्गणीतून घेतलेली. पहिल्या सुपाऱ्या ओळखीतल्या, कमी पैशांच्या. इसार घेऊन तारीख पक्की होते, उरलेले पैसे वरात मांडवात पोहोचल्यावर. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम उघडतो आणि उन्हाळा संपेपर्यंत चालतो. मध्ये १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती येते. पावसाळ्यात लग्ने थांबली की ऑगस्टमधली जयंती, गणपती आणि नवरात्र यांवर गाडा चालतो. सोयाबीनला भाव नसला किंवा पाऊस रुसला की लग्ने साधी होतात आणि पहिली कात्री वाजंत्रीवर पडते. त्यामुळे बहुतेक वादकांच्या हाताला दुसरेही काम असते: रंगकाम, रिक्षा, शेतमजुरी, दुकानातली नोकरी.

नाव होते ते चौकात. दोन मिरवणुका एकाच चौकात समोरासमोर आल्या की दोन पार्ट्यांचा सामना ठरलेला. अशा वेळी मुरलेला म्होरक्या आवाज वाढवत नाही. तो ढोल-ताशा एकदम थांबवतो, बँजोला गाण्याचा मुखडा एकट्याने वाजवू देतो, गर्दी ओळखीची चाल पकडून गाऊ लागते आणि मग नेमक्या समेवर हलगी व ढोल एकत्र कोसळतात. हा क्षण पाच-पंचवीस मोबाइल टिपतात आणि रात्रीतून तो जिल्हाभर फिरतो. पुढच्या सुपारीचा फोन त्या चित्रफितीवरून येतो.

सिनेमानेही हातभार लावला. २०१६ च्या एप्रिलमध्ये 'सैराट' आला आणि अजय-अतुल यांच्या 'झिंगाट'ने वरातीचा ठेका देशभर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रवी जाधव यांचा 'बँजो' हा हिंदी चित्रपट आला. त्यात मुंबईच्या वस्तीतला बँजोवादक रितेश देशमुख यांनी रंगवला, जे मूळचे लातूरचे. संगीत विशाल-शेखर यांचे, आणि त्यांतले विशाल ददलानी हे 'पेंटाग्राम' या रॉक बँडचे गायक. चित्रपट फार चालला नाही, तरी बँजो पार्टीला कथेच्या मध्यभागी आणण्याचे काम त्याने केले.

डीजेच्या भिंतींनी मात्र पार्ट्यांचे बरेच काम ओढून नेले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. भोंगे लावलेल्या पार्टीलाही हे नियम लागू आहेतच. पण वीज काढून घेतली की डीजे मुका होतो, तर पार्टीकडे हलगी आणि ताशा उरतात. डीजेवर निर्बंध कडक झाले की पारंपरिक वाद्यांची मागणी वाढते ती यामुळेच.

बँड घडण्याची दुसरी वाट महाविद्यालयांतून जाते. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकवाद्यवृंद आणि पाश्चात्त्य समूहगान अशा दोन्ही स्पर्धा असतात. गिटार आणि संबळ एकाच आवारात सराव करतात. अशा सरावांतूनच गिटार आणि ड्रमसेट असलेल्या, सभागृहात वाजवू पाहणाऱ्या बँडची सुरुवात होऊ शकते. अभ्यासाच्या 'लातूर पॅटर्न'साठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात बारावीच्या वर्षी वाद्ये गुंडाळली जातात, ही अडचण खरी आहे.

सर्वांत मोठी अडचण मात्र गाण्यांची. बहुतेक पार्ट्या गाजलेली सिनेगीतेच वाजवतात. असे वादन यूट्यूबवर टाकले की यंत्रणा मूळ चाल ओळखते आणि जाहिरातीचे उत्पन्न हक्कदार कंपनीकडे वळू शकते. प्रसिद्धी पार्टीची, पैसा दुसऱ्याचा. स्वतःचे गाणे असल्याशिवाय बँडची ओळख टिकत नाही, हे जगातल्या प्रत्येक रॉक बँडला लवकर किंवा उशिरा शिकावे लागले आहे.

स्वतःच्या गाण्याची परंपरा या भागाजवळ तयार आहे, ती भीमगीतांची. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो गीते लिहिली आणि गावोगावच्या गायन पार्ट्यांनी ती पोहोचवली. प्रल्हाद शिंदे आणि विठ्ठल उमप यांच्या आवाजाने या परंपरेला महाराष्ट्रभर श्रोता मिळाला. मुंबईच्या 'धम्म विंग्ज' या बँडने बुद्ध आणि आंबेडकरांवरची गाणी थेट रॉकच्या साजात मांडली. मराठवाड्यात तर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्यासाठीचा नामांतराचा लढा १९७८ पासून १९९४ पर्यंत चालला आणि त्या काळात गाणे हे सभेचे पहिले साधन होते. आजही दरवर्षी १४ एप्रिलच्या आधी नवी भीमगीते निघतात: शब्द गावातल्याच कवीचे, चाल कॅसिओवर बांधलेली, ध्वनिमुद्रण छोट्या स्टुडिओत. ज्या पार्टीचे असे एखादे गाणे जयंतीच्या मिरवणुकीत लोकांच्या तोंडी बसते, तिला पुढच्या हंगामात स्वतःचा दर सांगता येतो, आणि वरातीतही लोक फर्माईश करतात ती तिच्याच गाण्याची.