मनमाडचे पाणी आणि आईचे दूध

नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातील मनमाड हे रेल्वेचे मोठे जंक्शन म्हणून जितके ओळखले जाते, तितकेच ते पाणीटंचाईसाठीही ओळखले जाते. पावसाने ओढ दिली की शहराचा मुख्य आधार असलेले वागदर्डी धरण तळ गाठते, पालखेड कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लागतात आणि नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येण्याचे उन्हाळेही या शहराने काढले आहेत. पाणी सुटेल त्या दिवशी पिंपे, टाक्या, हंडे, अगदी पातेलीसुद्धा भरून घ्यायची आणि तेच पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे, ही तेथील घरोघरची रीत आहे. स्तनपानाचे महत्त्व सांगताना सहसा आईच्या मायेपासून सुरुवात होते; मनमाडसारख्या गावात मात्र हा प्रश्न आधी पाण्याच्या बाजूने पाहिला पाहिजे.

वरचे दूध म्हणजे केवळ पावडरीचा डबा नव्हे, तर त्याबरोबर लागणारे पाणीही असते. पावडर कालवायला पाणी लागते. बाटली, बूच आणि रबरी बोंडले दर वेळी घासून उकळायला लागते. आणि करणाऱ्याचे हात धुवायलाही लागते. पावडर स्वतः निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पिंपाचे झाकण दिवसातून दहादा उघडते, त्यात तांब्या बुडतो, बोटे बुडतात. बोंडल्याच्या आतल्या कडेला दुधाचा पातळ थर चिकटून राहतो आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात काही तासांतच त्यात जंतू वाढतात. त्यातून जुलाब लागतात, अंगातले पाणी वेगाने कमी होते आणि दोन-तीन महिन्यांच्या बाळाला हा शोष जिवावर बेतू शकतो.

आईच्या दुधात सुमारे ८७ ते ८८ टक्के पाणीच असते, म्हणून पहिले सहा महिने, ऐन वैशाखातसुद्धा, अंगावर पिणाऱ्या बाळाला वेगळे पाणी पाजण्याची गरज नसते. ‘घसा कोरडा पडला असेल’ म्हणून दिलेल्या चमचाभर पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते, ते कमी दूध ओढते आणि पिंपातला जंतू त्याच्या पोटात जातो. उन्हाळ्यात बाळ अधिक वेळा प्यायला मागते. ते मागेल तेव्हा त्याला पदराखाली घ्यावे, एवढाच त्यावरचा उपाय आहे.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येणाऱ्या दाट, पिवळसर दुधाला चीक म्हणतात. गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस ज्या समाजात आवडीने खाल्ला जातो, त्याच समाजातील अनेक घरांत बाळंतिणीचा चीक पिळून टाकून बाळाला मधाचे बोट चाटवले जात असे, हे फार दुःखदायक आहे. चीक चमचा-दोन चमचेच येत असला, तरी बाळाच्या आतड्याला अस्तरासारखी चिकटणारी रोगप्रतिबंधक प्रथिने त्यात भरपूर असतात. बाळगुटीचाही विचार पाण्याच्याच अंगाने करावा लागतो. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड यांचे वेढे मोजून उगाळणाऱ्या आजीचा हात मायेचा असतो, पण सहाण आणि पाणी त्याच घरातले असते. म्हणून सहा महिन्यांपर्यंत गुटीही नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती दवाखान्यांत झाल्या, परंतु जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. म्हणजे बाळंतीण दवाखान्यात पोहोचली, तरी पहिला तास हातातून निसटतोच.

अंगावर पाजण्याचा लाभ आईलाही होतो. बाळ ओढू लागले की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश नेणारे द्रव्य, स्रवते. त्याने पान्हा फुटतो, शिवाय गर्भाशय आकुंचन पावून रक्तस्राव आटोक्यात राहतो. २००२ साली तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र तपासले असता, स्तनपानाच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसून आले.

‘दूध पुरत नाही’ ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते आणि तिने धास्तावलेल्या आईला धीर देण्याऐवजी घरचे बहुधा बाटली आणतात. दूध जितके ओढले जाते तितके तयार होते; वरची बाटली सुरू झाली की बाळ कमी ओढते आणि दूध खरोखरच कमी होत जाते. बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. बाळाने तोंड मोठे उघडून केवळ बोंडशी नव्हे, तर तिच्याभोवतीचा काळसर भागही तोंडात घेतला पाहिजे. त्याची हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे आणि खालचा ओठ बाहेर वळला पाहिजे. हे शिकवायला नर्स किंवा आशाताईने दहा मिनिटे बाळंतिणीजवळ बसावे लागते.

आईचे दूध मिळूच न शकणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली दुग्धपेढी उभी केली. बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २०१७ पासून नोकरदार आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. कांद्याच्या खळ्यावर रोजंदारीने कांदा निवडणाऱ्या बाईपर्यंत मात्र ही रजा पोहोचत नाही. एसटी स्थानकांवरील हिरकणी कक्ष प्रवासात आडोसा देतो, पण खळ्यावर तसा आडोसाही नसतो.

डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर घराघरांत मनापासून केली जाते. त्याहून साधी मदत मनमाडच्या बाळंतिणीला पाणी येण्याच्या दिवशी हवी असते. दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी रात्री सर्वांत अधिक असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे चुकले की दुधावर परिणाम होतो. नळाला मध्यरात्री पाणी आले, तर नळी लावायला आणि हंडे उचलायला घरातल्या दुसऱ्या कोणी उठावे, आणि तिच्या उशाशी पिण्याच्या पाण्याचा भरलेला तांब्या ठेवावा.