पिल्लू शिकते, पण नेमके काय?

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिले दोन दिवस कौतुकात जातात. तिसऱ्या दिवसापासून तक्रार सुरू होते, "याने पुन्हा घरात घाण केली!" मग उपाय सुरू होतात. कोणी पिल्लाचे नाक त्या जागेवर घासतो, कोणी वर्तमानपत्राची सुरळी करून फटका देतो, कोणी त्याला दिवसभर जिन्याखाली बांधून ठेवतो. एवढे करूनही पिल्लू 'सुधारले' नाही, तर एखाद्या संध्याकाळी ते दूरच्या मंडईजवळ नेऊन सोडले जाते. वर्गात विचारून पाहा; अशा पिल्लाची गोष्ट सांगणारा एखादा तरी विद्यार्थी भेटेल.

पिल्लाला शी-शूसाठी बाहेर जायला शिकवणे ही वरवर घरगुती बाब दिसते. पण तिच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत : शरीर कसे चालते आणि प्राणी कसा शिकतो. दुसरी गोष्ट तर आपल्या, म्हणजे शिक्षकांच्या, रोजच्या कामाची. म्हणून या लेखात हा प्रश्न जरा सविस्तर पाहू.

निम्मा धडा आधीच झालेला असतो

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, कानही बंद असतात. त्याला स्वतःहून मलमूत्र विसर्जनही करता येत नाही. आई त्याच्या पोटाचा खालचा भाग जिभेने चाटते. त्या स्पर्शाने प्रतिक्षिप्त क्रिया घडते आणि पिल्लू शी-शू करते. आई ते लगेच चाटून गिळून टाकते. आपल्याला हे किळसवाणे वाटेल, पण त्यामुळे पिल्लांची झोपण्याची जागा कोरडी व स्वच्छ राहते. अनाथ झालेले तान्हे पिल्लू वाढवणाऱ्यांना म्हणूनच दूध पाजल्यावर ओल्या कापसाने हे आईचे काम करावे लागते. नुसते दूध पाजून भागत नाही.

साधारण तीन आठवड्यांनंतर पिल्लाला ही क्रिया स्वतः करता येऊ लागते. याच सुमारास ते चालू लागते, आणि चालता येताच झोपायची जागा सोडून थोडे दूर जाऊन शी-शू करू लागते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे अनेक वर्षे कुत्र्यांच्या पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. आठ-नऊ आठवड्यांची पिल्ले या कामासाठी ठराविक जागा वापरू लागतात, असे त्यांना आढळले.

म्हणजे 'अंथरूण घाण करायचे नाही' हा धडा पिल्लू घेऊनच आपल्या घरी येते. अडचण एवढीच की, त्याच्या दृष्टीने 'अंथरूण' म्हणजे त्याची टोपली किंवा गोणपाट. दिवाणखान्याचा दूरचा कोपरा त्याला 'बाहेर'च वाटतो! संपूर्ण घर हीच आपली झोपायची जागा, हे त्याला शिकायचे असते. दाटीच्या, घाणेरड्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला नाइलाजाने झोपायच्या जागीच सारे करावे लागलेले असते. त्याचा हा मूळ धडाच पुसट झालेला असतो आणि त्याला शिकवायला जास्त वेळ लागतो.

पोटातले घड्याळ

मूत्रपिंडे अहोरात्र काम करत असतात. तयार झालेले मूत्र मूत्राशयात साठते. मूत्राशयाची भिंत ताणली गेली की मज्जातंतूंमार्फत तशी सूचना जाते, मूत्राशय आकुंचन पावते आणि तोंडाशी असलेला वर्तुळाकार स्नायू सैल पडतो. मोठ्या कुत्र्याला हा स्नायू काही काळ आवळून धरता येतो. लहान पिल्लाचे मूत्राशय छोटे आणि स्नायूंवरचा ताबा अपुरा. माहीतगार लोक एक ढोबळ हिशेब सांगतात : पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तेवढे तास ते फार तर थांबू शकेल. दोन महिन्यांचे पिल्लू तीन तासांपलीकडे थांबेल अशी अपेक्षा करणे म्हणजे पहिलीतल्या मुलाला चक्रवाढ व्याज विचारण्यासारखे आहे. जागे असताना आणि खेळताना तर ते तासाभरातच शू करते.

शौचाचेही एक गणित आहे. जठरात अन्न पडले की मोठ्या आतड्याच्या हालचालींना जोर येतो. तान्हे बाळ दूध पिता पिताच दुपटे खराब करते, त्याचे कारण हीच प्रतिक्षिप्त क्रिया. पिल्लाचेही तसेच. खाणे झाल्यावर पाच ते तीस मिनिटांत त्याला बहुधा बाहेर जावे लागते.

यातून वेळापत्रक आपोआप तयार होते. झोपेतून उठल्याबरोबर, प्रत्येक खाण्यानंतर, खेळ संपल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी पिल्लाला बाहेर न्यायचे. खाणे ठराविक वेळी दिले तर बाहेर जाण्याची वेळही ठराविक होते. दिवसभर वाडगा भरून ठेवला तर कसलाच अंदाज लागत नाही. जमीन हुंगत गोल गोल फिरणे, खेळता खेळता एकदम थांबणे या खुणा दिसल्या की लगेच उचलून बाहेर न्यावे. रात्री त्याची टोपली आपल्या अंथरुणाजवळ ठेवली, तर त्याची कुरकुर आपल्या कानांवर पडते.

'शूऽऽ' करण्यामागचे शास्त्र

आपल्याकडे आजी-आई तान्ह्या बाळाला मोरीवर धरतात आणि तोंडाने 'शूऽऽ' असा आवाज करतात. काही दिवसांनी तो आवाज ऐकताच बाळ शू करते. आवाजाचा आणि मूत्राशयाचा मुळात काहीच संबंध नाही. तो सहवासाने जोडला गेला. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांना पचनसंस्थेवरील संशोधनासाठी १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच संशोधनात त्यांच्या ध्यानात आले की, अन्न तोंडात पडण्यापूर्वीच, अन्नाशी नेहमी जोडून येणाऱ्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. मानसशास्त्राच्या पुस्तकांत याला अभिजात अभिसंधान म्हणतात. आजीने ते पुस्तक न वाचताच वापरले!

पिल्लासाठीही हेच करता येते. रोज त्याच दाराने, त्याच जागी न्यावे आणि ते शू करू लागले की एकच ठरलेला शब्द हळू आवाजात म्हणावा. काही आठवड्यांत ती जागा, तिथला वास आणि तो शब्द हीच सूचना बनते.

दुसरा नियम अमेरिकेच्या एडवर्ड थॉर्नडाइक यांचा. मांजरांना खटक्याच्या पेटीत ठेवून केलेले त्यांचे प्रयोग १८९८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या कृतीचा परिणाम सुखकारक होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणून पिल्लाने बाहेर शू केली की शाबासकी आणि खाऊचा लहानसा तुकडा. मात्र तो तिथल्या तिथे, काम संपल्याच्या क्षणी द्यायला हवा. घरी परत आल्यावर खाऊ दिला तर पिल्लू काय शिकेल? 'घरात शिरले की खाऊ मिळतो' एवढेच. परिणाम सर्वांत अलीकडच्या कृतीला चिकटतो.

इथे बरेचजण फसतात. पिल्लाचे काम झाले रे झाले की ते त्याला घरात आणतात. पिल्लाला बाहेर हुंगायला, धावायला आवडते. 'शू केली की मजा संपते' हे त्याच्या लक्षात येते आणि ते बाहेर शू करणे लांबवू लागते. मग घरात येते आणि लगेच कोपरा ओला होतो. म्हणून काम झाल्यावर दोन-पाच मिनिटे त्याला हिंडू द्यावे.

शिक्षेने काय साधते?

समजा, पिल्लाने दुपारी घरात शू केली आणि मालकाने संध्याकाळी ती पाहून त्याला मारले. मधे चार तास गेले. या काळात पिल्लू झोपले, खेळले, दार उघडल्याचे पाहून शेपटी हलवत धावत आले. मार कशाशी जोडला जाणार? मालकाच्या घरी येण्याशी.

आणि शू करतानाच पकडून मारले तर? तेव्हा पिल्लू शिकते ते 'घरात करायचे नाही' हे नव्हे, तर 'या माणसासमोर करायचे नाही' हे. पुढे ते पलंगाखाली, दाराआड जाऊन शू करते आणि बाहेर नेले तरी मालक साखळी धरून उभा असल्यामुळे करतच नाही. मालक म्हणतो, "लबाड आहे, मुद्दाम घरात करतो." खरे तर पिल्लू शिकवलेला धडा अचूक गिरवत असते. शू करताना दिसलेच, तर मार किंवा ओरडा नको. टाळी वाजवून लक्ष वेधावे आणि उचलून बाहेर न्यावे, एवढे पुरे.

"पण त्याला आपली चूक कळते. बघा ना, कसा मान खाली घालतो!" हे आपण नेहमी ऐकतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये याची परीक्षा घेणारा प्रयोग प्रसिद्ध केला. चौदा कुत्र्यांच्या मालकांनी त्यांना खाऊ न खाण्याची आज्ञा दिली आणि ते खोलीबाहेर गेले. काही वेळा कुत्र्याने खाऊ खाल्ला, काही वेळा नाही. पण मालकाला दर वेळी खरे सांगितले गेले नाही. कुत्र्याचा 'अपराधी' चेहरा त्याच्या अपराधाप्रमाणे बदलत नव्हता. तो मालकाच्या रागावण्याप्रमाणे बदलत होता. निरपराध असून बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो अधिकच ठळक दिसला. म्हणजे खाली घातलेली मान ही चुकीची कबुली नसून समोरच्या रागाला दिलेला प्रतिसाद आहे.

काही पिल्ले माणूस जवळ आला की अंग चोरतात आणि थेंब थेंब शू करतात. ही शरणागतीची खूण आहे. तिला रागावले तर ती वाढते. दुर्लक्ष केले, खाली बसून शांतपणे बोलावले, तर बहुधा वयाबरोबर जाते. मात्र शिकलेले पिल्लू एकाएकी वारंवार घरात शू करू लागले तर त्याला पशुवैद्याकडे न्यावे. मूत्रमार्गाचा आजार हे त्याचे कारण असू शकते.

वासाची खूण

कुत्र्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण. फरशी आपल्याला स्वच्छ वाटली तरी 'जागा हीच' असे नाक त्याला सांगते. मूत्रातील युरियाचे जीवाणूंमुळे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. म्हणून अमोनिया असलेल्या द्रवाने पुसणे म्हणजे ती खूण ताजी करण्यासारखेच. आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे. डाग टिकणाऱ्या जागी विकरयुक्त द्रव वापरता येतो. विकरे वासाच्या मूळ द्रव्यांचेच विघटन करतात. फिनाइलने मात्र आपलेच समाधान होते. काळ्या फिनाइलमधील द्रव्ये विषारी असतात आणि पिल्लू तर आपले पाय चाटत असते.

बाहेर म्हणजे कोठे?

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, अनोळखी कुत्र्यांच्या वापरातील जागी नेणे धोक्याचे. पार्वो विषाणूचा कुत्र्यांमधील रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. हा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि लहान पिल्लांना तो प्राणघातक ठरतो. तोपर्यंत स्वतःचे अंगण, गच्ची किंवा मातीने भरलेले पसरट घमेले वापरावे. पिल्लाला पायाखालच्या स्पर्शाचीही सवय लागते. वर्तमानपत्रावर शिकलेले पिल्लू नंतर जमिनीवर पसरलेला कोणताही अंक आपलाच समजते! पुढे मातीवरच न्यायचे असेल तर सुरुवातही मातीपासून केलेली बरी.

पिल्लू बाहेर जाऊ लागले म्हणजे काम संपले असेही नाही. टॉक्सोकारा कॅनिस हा गोलकृमी अनेक पिल्लांना जन्माआधीच आईकडून मिळतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे ती पोटात गेली तर यकृताला, कधी डोळ्यालाही इजा होते. पण ताज्या विष्ठेतील अंडी लगेच संसर्ग करू शकत नाहीत, त्यांना मातीत वाढायला दोन आठवडे तरी लागतात. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलली तर धोका जवळजवळ टळतो. पशुवैद्याच्या सल्ल्याने जंताचे औषध देणे आणि फिरायला जाताना कागद किंवा पिशवी बरोबर नेणे हा या शिक्षणाचा माणसाने शिकायचा भाग.

वर्गासाठी एक उपक्रम

ज्या विद्यार्थ्याच्या घरी पिल्लू असेल त्याला दोन आठवडे एक तक्ता भरायला सांगावा. रकाने असे : उठण्याची वेळ, खाण्याची वेळ, शी-शूची वेळ, जागा, त्याच्या लगेच आधी काय घडले, लगेच नंतर आपण काय केले. खाणे आणि शौच यांतील मिनिटांची सरासरी वर्गात काढता येईल. घरात झालेल्या प्रत्येक 'चुकी'समोर, तिच्या आधीचे किती तास पिल्लाला बाहेर नेलेले नव्हते हे लिहावे. बहुतेक चुका पिल्लाच्या नसून वेळापत्रकाच्या आहेत का, हे मुलांनीच आकड्यांवरून ठरवावे. आम्हाला वाटते की शेवटचा रकाना सर्वांत बोलका ठरेल.

साधारणपणे चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत बरीच पिल्ले शिकतात, काहींना अधिक वेळ लागतो. तोवर मधूनमधून फरशी ओली होणारच. बालवाडीतल्या मुलाची चड्डी ओली झाली तर त्याला सर्वांसमोर उभे करून काय शिकवले जाते, हा प्रश्नही मग शिक्षकांच्या खोलीत निघायला हरकत नाही.