राजा हरला, पण मत कुणाला मिळाले?

वस्तीत वर्गणी काढून एखादा कार्यक्रम झाला की, दोन-चार दिवसांत कुणीतरी वडीलधारे बाबा विचारतातच, "पोरांनो, हिशेब कुठे आहे?" वर्गणी पाच रुपयांची असो वा पन्नासची, देणाऱ्याला विचारण्याचा हक्क आहे, हे शाळकरी मुलालाही कळते. या साध्या हक्कावरूनच साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले. त्यात राजा हरला, एवढे अनेकांना ठाऊक असते. परंतु जे गोरगरीब शिपाई ते युद्ध लढले, त्यांच्या पदरात काय पडले, हे फारसे सांगितले जात नाही. ते आज आपण पाहू.

चार्ल्स पहिला १६२५ साली गादीवर आला. राजा हा फक्त देवाला जबाबदार, प्रजेला नव्हे, अशी त्याची ठाम समजूत होती. कर बसवायचा तर पार्लमेंटची मंजुरी हवी, ही तिथली जुनी रीत. चार्ल्सला पैसा हवा होता, मंजुरी नको होती. १६२९ साली त्याने पार्लमेंट बरखास्त केले आणि पुढची अकरा वर्षे ते बोलावलेच नाही.

मग पैसा आणायचा कुठून? जुनी दप्तरे उकरून त्याने जहाजपट्टी काढली. संकटकाळी आरमारासाठी किनाऱ्यावरच्या गावांनी जहाजे किंवा पैसे द्यावेत, असा तो कर. चार्ल्सने १६३५ साली तो समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यांवरही लादला. जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदाराने वीस शिलिंग भरण्यास नकार दिला. वीस शिलिंग त्याला जड नव्हते. प्रश्न मंजुरीचा होता. खटल्यात १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने गेले, ५ हॅम्पडेनच्या. तो हरला, पण हा प्रश्न घरोघरी पोहोचला.

पुढे स्कॉटलंडवर आपली प्रार्थनापद्धती लादण्याच्या हट्टापायी राजाने तिथे लढाई ओढवून घेतली. तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १६४० साली पार्लमेंट बोलवावेच लागले. सभासदांनी आधी राजाच्या कारभाराचा जाब मागितला. ४ जानेवारी १६४२ रोजी चार्ल्स हत्यारबंद माणसे घेऊन पाच सभासदांना पकडण्यासाठी स्वतः सभागृहात आला. ते पाचही जण आधीच निसटले होते. ते कुठे आहेत, असे राजाने सभापती लेंथॉल यांना विचारले. लेंथॉल गुडघे टेकून नम्रपणे म्हणाले की, हे सभागृह जे सांगेल तेच मी पाहतो आणि तेच बोलतो. राजा हात हलवत परत गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅम येथे त्याने युद्धाचे निशाण उभारले.

पार्लमेंटने १६४५ साली नव्या धर्तीची फौज उभी केली. तिच्या शिपायांत शेतकरी, कारागीर आणि मजूर यांचाही भरणा होता. ऑलिव्हर क्रॉमवेल हा तिच्या घोडदळाचा सेनानी. या फौजेने जून १६४५ मध्ये नेझ्बीच्या लढाईत राजाचा कणा मोडला.

युद्ध जिंकले, आणि शिपायांचा पगार मात्र थकलेला! थकबाकी पुरती न देताच पार्लमेंट फौज मोडायला निघाले. तेव्हा शिपायांनी पलटणी-पलटणीतून आपले प्रतिनिधी निवडले. ऑक्टोबर १६४७ मध्ये लंडनजवळच्या पटनी गावात चर्चमध्ये सेनेची सभा भरली. आता मागणी पगारापुरती राहिली नव्हती. शिपाई म्हणत होते, आम्हालाही मत द्या.

कर्नल रेन्सबरो त्यांच्या बाजूने उभा राहिला. गरिबातल्या गरिबालाही श्रीमंताइतकेच जगायचे असते, म्हणून ज्या सरकारच्या हुकमाखाली राहायचे त्यासाठी त्याची संमती घेतली पाहिजे, असे त्याचे म्हणणे. क्रॉमवेलचा जावई आयर्टन याने विरोध केला. ज्याची देशात जमीनजुमला किंवा पक्की मालमत्ता आहे त्यालाच मत, बाकीच्यांना नाही. बिनमालमत्तेचे लोक उद्या मालमत्ताच वाटून घेतील, ही त्याची भीती. यावर सेक्स्बी नावाच्या शिपायाने विचारले की, आम्ही जीव धोक्यात घातला तो मग कशासाठी?

भगिनींनो, त्या सभेत स्त्रियांच्या मताचा विषयही निघाला नाही. १६४९ साली या चळवळीतल्या स्त्रिया पार्लमेंटपुढे अर्ज घेऊन गेल्या, तेव्हा त्यांना घरी जाऊन घरकाम पाहण्यास सांगण्यात आले.

३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि राजपदही रद्द झाले. पण त्याच वर्षी मे महिन्यात बर्फर्ड येथे क्रॉमवेलने बंडखोर शिपायांपैकी तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. १६५३ साली त्याने पार्लमेंटही शिपाई आणून बंद केले. १६६० साली चार्ल्सचा मुलगा गादीवर आला. पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय कर नाही, हे १६८९ साली कायद्याने पक्के झाले. गरिबाचे मत तसेच राहिले. इंग्लंडमध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळाले ते १९१८ साली आणि स्त्रियांना बरोबरीने १९२८ साली. पटनीच्या प्रश्नाचे उत्तर यायला पावणेतीनशे वर्षे लागली!

त्या सभेतला शब्द न् शब्द शक्य तितका टिपून ठेवला तो विल्यम क्लार्क या सेनेच्या कारकुनाने. त्याचे कागद ऑक्सफर्डच्या एका कॉलेजात पडून होते. ते १८९१ साली छापले गेले, म्हणून आज रेन्सबरो आणि सेक्स्बी आपल्याला ठाऊक आहेत. स्वतः कारकुनी करणाऱ्या मला या माणसाविषयी विशेष आपुलकी वाटते. गरिबांचे बोलणे कुणीतरी लिहून ठेवावे लागते, नाहीतर ते हरवते.

आयर्टनचा नियम इंग्रजांनी आपल्याकडेही आणला. त्यांच्या राज्यात मत मिळायचे ते मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मतदानाची मागणी केली आणि १९५० साली संविधानाने ती पूर्ण केली. स्त्री असो वा पुरुष, सातबारा असो वा नसो, प्रत्येकाला एक मत.

म्हणून यादीत आपले, घरातल्या बायाबापड्यांचे आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पोरांचे नाव आहे का, हे एकदा पाहून घ्या. आणि मत दिल्यावर हिशेब मागायला विसरू नका.